उजवीकडचं मागचं दार

सांडोर, ११ जानेवारी २०२६

प्रितेश,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. म्हणून आता कागद. ग्रेसी रोज सकाळी आपली केळी आणि तिची भाजी घेऊन नायगावला तुमच्या टॉवरच्या फाटकाशी बसते. तिच्या टोपलीतून हे पाठवते आहे. उत्तर तिच्याच हाती दे. तोंडी निरोप देऊ नकोस. कागदावर 'हो' म्हटलं की ते राहतं.

विषय तुझ्या बाबांच्या गाडीचा. मागच्या मार्चमध्ये नवी गाडी घेतलीस आणि ही वाडीत आणून बदामाच्या झाडाखाली उभी केलीस. वर कव्हर टाकलंस आणि दोन आठवड्यांत नेतो म्हणालास. दहा महिने झाले. काल मी कव्हर ओढून काढलं.

वाचायला बरं वाटणार नाही, म्हणूनच सविस्तर लिहिते. त्या बदामावर वटवाघळं येतात हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कव्हर फाटलेलं होतं आणि टपावर त्यांच्या विष्ठेचा बोटभर थर होता, त्यात चघळून टाकलेल्या चोथ्याचे गोळे. पावसाळ्याचं पाणी कव्हरखाली कोंडून सगळ्या अंगाला हिरवट बुरशी आलेली, हात लावला की शेंबडासारखी बोटांना चिकटणारी. पुढच्या काचेखाली वायपरच्या खाचेत एक उंदीर मरून वाळला होता. शेपटी वायपरलाच चिकटलेली. झुरळं किती ते मोजलं नाही. त्यांतली दोन माझ्या साडीत शिरली. मी दोनदा आंघोळ केली आणि तरी जेवले नाही.

दादा दर रविवारी ही गाडी पुसायचा. गाडीला येत्या जूनमध्ये पंधरा वर्षं होतात. नोंदणी पुन्हा करायची तर आरटीओत नेऊन दाखवावी लागेल आणि या दशेत मी ती कोणाला दाखवणार नाही. मी ती धुणार आहे आणि रंगही परत आणणार आहे. हे काम मी कधी केलेलं नाही. पण केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आहे, आणि घासायचं कसं हे मला कोणी शिकवायला नको.

आणखी एक. दिवाळीत आलास तेव्हा केळं चमच्याने तुकडे करून खाल्लंस आणि चकलीला हात लावला नाहीस. दाढ दुखते म्हणालास. दाखवलीस का?

शांताआत्या

&nbsp;

नायगाव, १४ जानेवारी

आत्या,

तिळगूळ मिळाला. दहावीच्या पेपरात काकांना पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच. अक्षर समजून घे.

गाडीचं सॉरी. खरंच राहून गेलं. पण तू प्लीज हात लावू नको. तुझे गुडघे, तुझं वय, आणि ती घाण. सातिवलीत आमच्या कंपनीच्या मागे एक भंगारवाला आहे. तो टेम्पो घेऊन येईल आणि उचलून नेईल. पंधरा वर्षांच्या गाडीवर रंग घासून काय मिळणार? बाबांची आठवण म्हणून नंबर प्लेट ठेवू आपण.

आतून मी स्वच्छ करून दिली होती, आठवतंय ना? सीट, मॅट, सगळं. बाहेरचं वाडीत झालं.

दाढ ठीक आहे. पत्राची आयडिया मस्त आहे. कंपनीत मशीनच्या आवाजात फोनवर काही कळत नाही. असंच लिहीत जा.

संजना आणि रेवा, दोघी मायलेकी मजेत.

प्रितेश

&nbsp;

सांडोर, १९ जानेवारी

प्रितेश,

नंबर प्लेट भिंतीवर लावायला ती काही कोणी शिकार केलेल्या सांबराची शिंगं नाहीत. गाडी भंगारात जाणार नाही.

धुऊन झाली. तीन दिवस लागले. उंदीर चिमट्याने काढला आणि चिमटाही पुरला. बुरशीखालून जो रंग निघाला तो बघून मला घाणीपेक्षा जास्त शिसारी आली. मरून रंगाची गाडी होती ही. आता शिळ्या कोकमाच्या सरबतासारखी, वर पांढरट साय धरलेली. मी बॉनेट काथ्याने घासलं. आपल्या घरी पितळ, लोखंड, फरशी, सगळं नारळाच्या काथ्यानेच घासतात, मी दुसरं काही वापरलं नाही कधी. वाळल्यावर उन्हात बघितलं तर बॉनेटभर गोल गोल ओरखडे, जणू शंभर मांजरी त्यावर नाचल्या होत्या.

ग्रेसीचा जेसन सातिवलीत गाड्या रंगवायच्या गाळ्यात काम करतो. रविवारी तो आईला न्यायला आला तेव्हा त्याला दाखवलं. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, "आंटी, गाडी आहे ही, कढई नाही."

मी म्हटलं, कढई असती तर एव्हाना चकाकली असती.

त्याने मग शिकवलं. आधी एक चिकणमातीसारखी वडी साबणाच्या पाण्यातून फिरवायची. डोळ्यांना न दिसणारी रेती आणि राळ ती उचलते. हात फिरवला की काचेसारखं लागलं पाहिजे. मग रबराच्या पट्ट्यांवर कागदी टेप. मग कंपाउंड, म्हणजे बारीक रवाळ मलम. ते मऊ फडक्यावर वाटाण्याएवढं घ्यायचं आणि एका वेळी ताटाएवढीच जागा. सावलीत. पत्रा थंड हवा. कडेला दाबायचं नाही, तिथे रंगाचा थर पातळ असतो. घासून पुसायचं, पुन्हा घासायचं. शेवटी पॉलिश, त्यावर मेण. त्याने गाळ्यातलं घासायचं मशीनही ठेवून जाऊ का विचारलं. मी ठेवून घेतलं, पण आधी हाताने केलं.

पहिली ताटाएवढी जागा निघाली तेव्हा मी खाली स्टुलावर बसले. रंग जिवंत होता, प्रितेश. वरची मेलेली कातडी तेवढी काढायची होती. फडकं मात्र इतकं लाल-काळं झालं की जखम पुसल्यासारखं दिसत होतं. ते मी जाळलं.

गाडीच्या खणात बडीशेपेचा डबा सापडला. पितळेचा, मीच दिलेला. तुला माहीत आहे, २००९ मध्ये डॉक्टरांनी दादाला आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. त्या दिवशी घरी येऊन त्याने तंबाखूची पिशवी खताच्या खड्ड्यात टाकली आणि मला म्हणाला, शांते, मी परत घेतली तर तू माझ्याशी बोलू नकोस. पुढे गाडी आली तेव्हा पहिल्या दिवशी मी हा डबा भरून त्या खणात ठेवला. तो चट्टा गेला. माणूस पुढे हृदयविकाराने गेला, ती गोष्ट वेगळी. मी आयुष्यात काय केलं असं कोणी विचारलं तर एवढं एक सांगता येईल.

दाढ ठीक आहे म्हणालास. दाखवलीस का, ते विचारलं होतं.

शांताआत्या

&nbsp;

नायगाव, २३ जानेवारी

आत्या,

दाढेचं बघतो.

जेसनला म्हणावं उगाच नाद लावू नको. तू किती दिवस ते मलम घासत बसणार? भंगारवाल्याशी बोललोय, तो रविवारी सकाळी येईल. चावी त्याला दे, कागद मी नंतर करतो. घासलेलं बॉनेट बघून तुला समाधान मिळालं ना? तेवढं बस.

प्लीज आत्या. एकदा तरी माझं ऐक.

प्रितेश

&nbsp;

सांडोर, २ फेब्रुवारी

प्रितेश,

तुझा भंगारवाला आला होता. त्याने फाटकात उभं राहून पिंक टाकली. मी त्याच्या हातात बादली आणि झाडू दिला, फाटक धुऊन घेतलं आणि रिकामा टेम्पो परत पाठवला. पुन्हा कोणाला पाठवू नकोस.

टप झाला, बॉनेट झालं, डावी बाजू झाली. डिकीच्या कडेला केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत. वीस वर्षं आपण कपड्यांवरून काढू शकलो नाही, गाडीवरून कुठे जाणार! ते राहू दिले. ते कामाचे डाग आहेत.

आता उजवी बाजू.

उजवीकडच्या मागच्या दारावर पहिलं घासणं झालं, तशा रंगात मंद रेघा दिसू लागल्या. मला वाटलं माझीच चूक. पुन्हा घासलं. बाकी दार उजळलं तशा त्या रेघा आणखी उठून आल्या. ड्रायव्हरच्या खिडकीच्या बाजूने सुरू होतात आणि मागे, तिरप्या, पसरत जातात. कुंचला झटकल्यासारख्या. एक नाही, शेकडो, एकावर एक. मरून रंगावर इतके दिवस दिसल्या नाहीत, इतकंच. बोट फिरवलं तर तिथे रंग खरबरीत लागतो. काहीतरी वारंवार पडून त्याने वरचा थर खाल्ला आहे.

मग मी खाली वाकले. दाराच्या खालच्या कडेला, जिथे पत्रा आत वळतो, तिथे खरवड बसलेली. तपकिरी, थरावर थर, कातासारखी. मला वाटलं गंज. गरम पाण्याचं फडकं लावलं. ती विरघळली, प्रितेश. कोपरापर्यंत ओघळली आणि वास आला. तंबाखू, सुपारी, चुना आणि कोणाची तरी थुंकी. मी अबोलीच्या वाफ्यात ओकले.

रंग खाल्ला तो चुन्याने. एवढी केमिस्ट्री मला अजून आठवते.

ज्याने कोणी हे केलं तो गाडी चालवत होता, एकदोनदा नव्हे तर रोज, आणि काच खाली करून. तू ड्रायव्हर ठेवला होतास का? कंपनीतल्या कोणाला गाडी दिली होतीस? नाव कळव. मला त्याच्या तोंडावर सांगायचं आहे की मी तीन दिवस तुझी थुंकी माझ्या हाताने पुसली.

शांताआत्या

&nbsp;

नायगाव, ७ फेब्रुवारी

आत्या,

हे मी कधी सांगणार नव्हतो. म्हणूनच गाडी भंगारात दे म्हणत होतो. तू हात लावू नको म्हणत होतो ते त्यासाठीच.

कोणी ड्रायव्हर नव्हता. बाबा होते.

त्यांनी सोडली नव्हती आत्या. घरात सोडली होती, तुझ्यासमोर. गाडीत बसले की सुरू. वसई स्टेशनजवळ एका टपरीवरून घ्यायचे. मला एकदा कळलं तेव्हा म्हणाले, शांतेला सांगू नको, तिला फार लागेल. मी वचन दिलं. बडीशेप तुला दाखवायला खायचे.

तू एवढं मनाला लावून घेऊ नको. माणूस गेला. आता ते दार घासून काय उपयोग?

प्रितेश

&nbsp;

सांडोर, ९ फेब्रुवारी

प्रितेश,

पत्र मिळालं.

दहा वर्षं माझ्या हातची बडीशेप तोंडात टाकून माझ्याकडे बघून हसणारा माणूस मला ओळखता आला नाही. मला त्याची किळस आली, आणि माझी जास्त. डबा खताच्या खड्ड्यात टाकला आहे.

परवा ११ तारीख, त्याला जाऊन पाच वर्षं होतील. मी काही करणार नाही. फोटोला हार नाही, पानात गोड नाही. तुला करायचं असेल तर तुझ्या घरी कर.

गाडी घेऊन जा.

शांताआत्या

&nbsp;

नायगाव, १२ फेब्रुवारी

आत्या,

ठीक आहे. पुढच्या आठवड्यात टेम्पो पाठवतो, वेगळ्या माणसाचा.

बाबांवर राग धरू नको. सुटत नाही गं ते. सोडायचं ठरवलं तरी सुटत नाही माणसाला.

प्रितेश

&nbsp;

सांडोर, १७ फेब्रुवारी

आशीर्वाद या पत्रात नाहीत, शोधू नकोस.

रविवारी जेसन त्याचं मशीन परत न्यायला आला. मी त्याला म्हटलं, काम बंद, गाडी जाते आहे. त्याला वाईट वाटलं. इतकी निघाली आंटी, एका दारासाठी कशाला सोडता, म्हणाला. मग त्याने ते दार बोटाच्या पेराने टकटक वाजवलं, पुढचं वाजवलं, बिजागरीपाशी डोकं घातलं आणि सहज बोलून गेला, "हे दार या गाडीचं नाहीच. नंतर बसवलंय. रंग बघा, जाड मारलाय."

मी स्वतः वाकून बिजागरी बघितली.

तौक्ते वादळ, प्रितेश. मे २०२१. आंब्याची फांदी गाडीवर पडली ती उजव्या बाजूला. मागचं दार आत घुसलं. मी खिडकीतून बघत होते. सातिवलीहून जुनं दार आणून, रंगवून बसवलं, ते तू बसवून घेतलंस आणि रंग जुळला का बघायला मला हाक मारलीस. मी म्हटलं होतं, दादा असता तर त्याने खोट काढली असती. तो फेब्रुवारीत गेला होता. हे दार आलं तेव्हा त्याला जाऊन तीन महिने होऊन गेले होते.

या दाराने तुझ्या बाबांना पाहिलेलं नाही.

त्यानंतर ही गाडी एकाच माणसाने चालवली. नायगाव ते सातिवली, सातिवली ते नायगाव, चार वर्षं. आतून स्वच्छ करून दिली म्हणालास. आतून कोणीही करतं. बाहेर बघायचं तुझ्या लक्षात आलं नाही, कारण थुंकल्यावर तू कधी वळून बघितलं नाहीस.

मी स्वतःला हुशार समजते. आता सगळं एकेक करून आठवतं आहे आणि दर आठवणीला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. चमच्याने खाल्लेलं केळं. न खाल्लेली चकली. दोनदा विचारूनही न दाखवलेली दाढ. आणि पत्र! आयुष्यात दोन ओळी न लिहिणारा मुलगा पत्राची आयडिया मस्त म्हणतो, आणि मी खूश झाले. मशीनचा आवाज नव्हे. फोनवर तुझे शब्द ऐकले असते तर मला कळलं असतं. तोंड उघडत नाहीये तुझं.

ग्रेसीला विचारलं. ती म्हणाली, बाय, तो बोलतच नाही. पाकीट देतो, मान हलवतो. आधी पेरू न्यायचा, आता पिकलेली पपई नेतो. मला वाटलं पोट बिघडलंय, असंही म्हणाली. तिला पपईत जे दिसलं ते मला तुझ्या चार पत्रांत दिसलं नाही.

माझ्या भावाच्या पाचव्या वर्षाला मी त्याच्या फोटोकडे पाठ करून जेवले. त्याला नको ते बोलले, मोठ्याने, रिकाम्या घरात. मेलेल्या माणसाची मी काल माफी मागितली. डबाही उकरून काढला, हाताने. ज्याने माझ्यासाठी एक गोष्ट खरी करून दाखवली, त्याच्या तोंडात तू तुझी घाण कोंबलीस, कारण तो उत्तर द्यायला नव्हता. दारावरची थुंकी मी पुसू शकले. ही पुसता येत नाही.

आता ऐक. आरशासमोर उभा राहा. तर्जनी, मधलं बोट, अनामिका एकावर एक उभी धर आणि दातांच्या मधे घाल. तीन जायला हवीत. दादाला डॉक्टरांनी हेच करायला लावलं होतं, मी शेजारी उभी होते. जात नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गालाच्या आत पांढरं असेल तर धावत जा. आणि संजनाला सांग. तिला माहीत नाही हे मला माहीत आहे, नाहीतर तिने मला केव्हाच फोन केला असता.

टेम्पो पाठवलास तर मी त्याच्यासमोर आडवी पडेन. गाडी मी पूर्ण करणार आहे. एक दार सोडून.

शांताआत्या

&nbsp;

सांडोर, २४ फेब्रुवारी

प्रितेश,

सात दिवस झाले. ग्रेसी म्हणते तू आता फाटकातून जाताना गाडीची काच वर ठेवतोस आणि तिच्याकडे बघत नाहीस. पाकीट तिने वॉचमनकडे दिलं आणि तुला मिळालं याची खात्री केली.

गाडीवर मेण चढलं. उन्हात उभी केली की समोरच्या केळी तिच्यात दिसतात. त्या दारात काही दिसत नाही.

मी संजनाला फोन करू शकते. नंबर माझ्याजवळ आहे. करणार नाही. ते तुला करायचं आहे. एवढंही माझ्याकडून करून घेतलंस तर तुझ्यात काही उरलं नाही असं मी समजेन.

तुझ्या बाबांना एक चट्टा बघून एका दिवसात कळलं. तू किती दिवस घेणार आहेस? तेवढे आहेत का?

शांताआत्या

&nbsp;

नायगाव, १ मार्च

आत्या,

तीन गेली नाहीत. दोनही नीट जात नाहीत, दुसरं बोट आडवं करावं लागतं.

संजनाला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल, रडेल. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि म्हणाली, उघड. जेवढं उघडलं तेवढं बघितलं. मग टॉर्च बंद केला. नंतर म्हणाली, मी तुझ्यासाठी वरण घोटून देत होते आणि तू मला दाढ सांगत होतास.

दुसऱ्या दिवशी तीच घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले गालाचं आतलं कातडं ताठ झालंय, ते आता पूर्वीसारखं सैल होणार नाही, पण व्यायामाने थोडं उघडेल. डाव्या गालात मागे एक पांढरं आहे. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट पुढच्या शुक्रवारी. काय येईल माहीत नाही. मला रिपोर्ट आल्यावर लिहायचं होतं, चांगला आला असता तर कमी लाज वाटली असती. संजना म्हणाली, आधी लिही.

बाबा गेल्यावर सुरू केलं. कंपनीत सगळेच खातात. सकाळी कंपनीच्या फाटकावर तोंड भरलेलं दिसू नये म्हणून हायवेवरून आत वळलं की काच खाली करायचो. रोज त्याच वळणावर. खरं सांगतो, एकदाही वळून बघितलं नाही. नवी गाडी घेतली तीसुद्धा यासाठीच. जुन्या गाडीत बसलं की हात आपोआप खिशात जायचा. वाटलं, गाडी बदलली तर सुटेल. नव्या गाडीत पंधरा दिवस गेला नाही. मग गेला.

पत्र आलं त्या दिवसापासून खाल्लेली नाही. बारा दिवस. याच्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही.

बाबांचं नाव घेतलं त्याबद्दल काय लिहू? ते उत्तर द्यायला नव्हते म्हणूनच घेतलं, तू लिहिलंस तसंच. तुझं 'काही करणार नाही' असं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, आत्या. सुटलो असं वाटलं. त्या एका गोष्टीची मला स्वतःची घाण वाटते, तोंडाच्या वासापेक्षा जास्त.

ते दार मी घासू का? ८ तारखेला रविवार आहे.

प्रितेश

&nbsp;

सांडोर, ३ मार्च

प्रितेश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला तुझी जी शिसारी आली आहे ती एका पत्राने जाणार नाही, गेली असं सांगितलं तर मी खोटी ठरेन. पण रिपोर्टच्या आधी लिहिलंस. एवढं धरून ठेवते आहे.

रविवारी सकाळी आठच्या आत या. ऊन चढलं की पत्रा तापतो आणि मलम वाळून बसतं. संजनाला आणि रेवाला आण. रेवाला काय सांगायचं ते वाटेत तुम्ही दोघांनी ठरवा. मी तिच्यासमोर गप्प बसेन, पण विचारलं तर खोटं बोलणार नाही.

खालची कड आधी खरवडायची. अजून अर्धी तशीच आहे, तुझ्यासाठी ठेवली आहे. हातमोजे मिळणार नाहीत, मी घातले नव्हते. वास येईल. येऊ दे. ओकावंसं वाटलं तर अबोलीचा वाफा कुठे आहे तुला माहीत आहे. मग वडी, मग कंपाउंड, एका वेळी ताटाएवढी जागा. घाई केलीस तर मी फडकं हातातून काढून घेईन.

रेघा पूर्ण जाणार नाहीत हे आधीच सांगून ठेवते. जेसनने पाहिलं. चुना वरच्या थराच्या खाली गेला आहे. तेवढं काढायला गेलं तर रंगच संपेल आणि पत्रा उघडा पडेल. कुठे थांबायचं ते हाताला कळतं, मला पंधरा दिवसांत कळलं. राहतील त्या राहू देत. जूनमध्ये आरटीओत गाडी तूच न्यायचीस, आणि दाराला काय झालं असं तिथे कोणी विचारलं तर उत्तरही तूच द्यायचंस.

जेवायला मऊ भात आणि घोटलेलं वरण सगळ्यांनाच. पपई ग्रेसी ठेवणार आहे. दादाच्या फोटोला नवा हार करते आहे, तो तू घालायचास. डबा चिंचेने घासून पुन्हा खणात ठेवला आहे. बडीशेप सध्या तुला चावता येणार नाही, म्हणून रिकामाच ठेवला.

हे माझं शेवटचं पत्र. ग्रेसीच्या टोपलीत केळीच जाऊ देत. शुक्रवारी रिपोर्ट आला की, काहीही असो, संजनाला बोलायला लावू नकोस. तू स्वतः फोन कर. शब्द अर्धे आले तरी चालतील. मला तुझा आवाज ऐकायचा आहे, जसा झाला असेल तसा.

शांताआत्या